वाघोबाच्या खिंडीतला धूर

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. बोईसरच्या आमच्या खोलीच्या दारात मोड आलेल्या वालांची परात मधे घेऊन बसलो होतो. माझ्या हातात दाणे चिरडत होते. "नटबोल्ट नाय ते, हलक्या हातानं सोला," ती म्हणाली. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "चैत्रात देवीला जायचं हाय हां. नवस माझा, पण तुमच्या जिवाचा हाय." त्याआधीच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली होती, माझी आशा सगळ्यांनी सोडली होती. तेव्हा तिनं डहाणूकडच्या महालक्ष्मीला बोलून ठेवलं होतं, की हा माणूस उठून चालू दे, जत्रेत येऊन ओटी भरीन. मी उठलो. त्या वालांचं बिरडं खाल्लं त्याच आठवड्यात ती तापानं पडली आणि गेली.

मी शाळा फार शिकलो नाही, गोड लिहिता येत नाही. देवीवर माझा राग होता. माझा जीव ठेवलास आणि ज्या बाईनं तो मागितला तिलाच नेलंस, हा कुठला न्याय? देवापुढे दिवा लावणं मी सोडून दिलं. पण नवस फेडायचा राहिला तर तो तिच्या माथी राहील, एवढी एक गोष्ट मला घास गिळू देईना. देवीचं नि माझं काय ते मी बघून घेतलं असतं, बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. रागारागात दिवस काढले आणि जत्रा उठायला आली तेव्हा जागा झालो. ओटी बाईमाणसानंच भरायची, म्हणून पालघरला दिलेली तिची धाकटी बहीण वनू बरोबर येणार होती. तिलाही जत्रा उठायच्या आदल्या दिवशीच सवड होती. दुसऱ्या दिवशी तिच्या नातीला बघायला पाहुणे यायचे होते.

जन्मभर मी भाड्याची गाडी चालवली. जुन्या गाड्यांचं दुखणं मला कानानं कळायचं. पण ही गाडी मुलानं घेऊन दिलेली, कॉम्प्युटरवाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, अशा गाड्या तेव्हा आमच्याकडे नव्याच. त्या दिवशी बोईसर सोडलं आणि समोरच्या काचेखाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन थंडी भरल्यासारखं थरथरायचं, बंद पडायचं. पालघरच्या गॅरेजवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "चाचा, कॉम्प्युटर का मामला है. मशीन मुंबई से आएगा, गाडी छोड़ के जाओ." त्याचंही खरं. तो दिवा एवढंच सांगतो की दुखतंय. कुठं दुखतंय ते सांगत नाही.

जत्रेच्या एसट्या दारापर्यंत भरलेल्या. वनू ओटीची पिशवी मांडीवर घेऊन गाडीतच बसून होती. म्हणाली, "भावजी, तायनं तुमच्यासाठी देवीला गळ घातली, तुमी गाडीला घाला." मी रागानंच गाडी काढली. मनोरच्या रस्त्याला लागलो. वाघोबाच्या खिंडीचा चढ आला आणि गाडीची छातीच भरली. रखडत रखडत खिंडीतल्या वाघोबाच्या देवळापर्यंत पोचली, पुढे जाईना. इंजिन बंद केलं तर पुन्हा लागायची खात्री नव्हती. वनूला चाकाशी बसवलं आणि म्हटलं, हा ॲक्सिलरेटर पायानं जरा दाबून धर, सोडू नको. जन्मात ती त्या जागी बसली नव्हती. "पळाली म्हंजे?" म्हणाली. म्हटलं, "पळाली तर नवस फेडूनच ये."

खिंडीत थांबणारा प्रत्येक ड्रायव्हर वाघोबाला अगरबत्ती दाखवतो आणि तीच गाडीपुढे ओवाळतो. आमची बाई बॉनेट उघडायला लावायची. "पत्र्याला काय ओवाळता, काम तर आतला करतो." रागात असलो तरी हाताला सवय होती. बॉनेट उघडलं, पेट्रोलचा वास नाही ना ते बघितलं, आणि उदबत्ती इंजिनावर फिरवू लागलो. "जाळ नका घालू हो!" वनू ओरडली.

आणि मी थांबलो. धूर सरळ वर जात होता, पण एका जागी आला की मोडायचा आणि खाली ओढला जायचा, कुणी चिलीम ओढावी तसा. हात मागे घेतला, धूर वर. पुढे नेला, धूर आत. वाकून बघितलं. इंजिन जिथून हवा ओढतं तिथली रबरी नळी खालच्या अंगाला चिरली होती. मोजूनमापून आत जायची ती हवा चोरवाटेनं घुसत होती. चिरलेल्या जागी बारीक तार आवळलेली होती. दसऱ्याला आतल्याला झेंडूची माळ घालायची म्हणून तिनंच बांधलेली तार. फुलं कधीच गळून गेली होती, तार तिथंच रुतत होती. मी चिरेवर अंगठा दाबला. इंजिनाची थरथर थांबली. मला रडू फुटलं.

तेवढ्यात खिंड चढून सायकल ढकलत एक वारली माणूस आला. मला तसा रडताना बघून म्हणाला, "काय झाला, बाबा?" मी नळी दाखवली. त्यानं पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला. "घे ना. माझी सायकल आज नाय मरत." तार सोडली, ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, पण वर आवळायला दोरा नव्हता. वनूनं ओटीतला लाल नाडा काढून दिला. मी म्हटलं, देवीचा हाय तो. तर म्हणते, "ताय असती तर ती पण हाच देती. आवळा." वळून बघितलं तर सायकलवाला उतारावरून निघूनही गेला होता. नाव विचारायचं राहिलं.

मग जी गाडी पळाली! हायवे, घाट, काही वाटलं नाही. दिवा अजून पेटलेला होता, पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. जत्रेच्या गर्दीत वनूनं माझ्या बायकोचं नाव घेऊन ओटी भरली. नाडा तिथल्या दुकानातून नवा घेतला. मी देवीपुढे भांडायला म्हणून उभा राहिलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, तिचा शब्द पोचला." परत येऊन चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, आणि विझला. वनूनं पदरात तोंड घालून हसून घेतलं. मी जोरात हॉर्न वाजवला. लोक बघत राहिले, बघू देत.

हा चमत्कार का, मला विचारू नका. धूर तिकडे ओढला जाणारच होता, हवा तिकडे जात होती. पण मी माझ्या अकलेवर असतो तर उदबत्ती इंजिनापाशी नेली नसती. कळत नाही तिथं हात जोडावेत, लाज वाटू नये, एवढं मी शिकलो. तिला न्यायला नको होतं, हे मी आजही देवीला सांगतो. पण आता दिवा लावून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून गाडी पुसली आणि बोईसरच्या स्टँडवर नेली. कुंभवलीच्या दोन म्हाताऱ्या एसटीच्या दारातून मागे ढकलल्या गेल्या होत्या, ओट्या हातात घेऊन एकमेकींवर खेकसत होत्या. मी मागचं दार उघडलं. "चला गो, जत्रा उठायच्या आत पोचवतो."