इंजिन सोपवताना

सून मोरीत भांडी घासत होती, कान मात्र बाहेरच्या खोलीत. तिथे सासरे आणि त्यांचा मेव्हणा हमरीतुमरीवर आले होते. देश लढाई हरला होता आणि तहात जिंकणाऱ्यांनी रेल्वेची धडधाकट इंजिनं मागून घेतली होती. सासरे ड्रायव्हर; त्यांचं इंजिनही त्या यादीत होतं. बायकोच्या दुखण्यापेक्षा त्याची दुखणी त्यांना जास्त ठाऊक. तेच आता स्वतः सरहद्दीवर नेऊन द्यायचं होतं.

“दाजी, चाकांच्या तेलपेटीत मूठभर रेती टाका,” मेव्हणा म्हणाला. तो इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. “चार दिवसांत चाकं जाम होऊन बसतील. जिंकले ना ते, मग वर आणखी ओरबाडतात कशाला?”

“घाबरलेत ते.”

“जिंकलेले घाबरतात होय?”

“तेच जास्त. आपण पुन्हा उठलो तर? म्हणून आधी पाय काढून घ्यायचे. शिवाय तिकडेही आया आहेत. पोरगा गेला, बदल्यात काय आणलंत, असं त्यांनी विचारलं तर रिकामे हात कसे दाखवणार? आणि त्यांचे पूल उडवायला सुरुंग कुणी वाहिले? आपणच की, याच इंजिनानं.”

“म्हणजे बरोबर त्यांचं?”

“बरोबर कुठे म्हणतोय? इतकं पिळलं की आपली पोरं दातओठ खातच मोठी होणार. पण त्यांना ते आज कोण सांगणार? जेव आता.”

मेव्हणा जेवला नाही. जाताना मात्र सासऱ्यांच्या डब्याच्या पिशवीत रेतीची पुरचुंडी सरकवून गेला. सुनेनं पाहिलं, पण पुरचुंडी तशीच राहू दिली. तिचा नवरा, म्हणजे सासऱ्यांचाच मुलगा, त्या लढाईतून परतला नव्हता. पडू दे बंद, असं तिलाही वाटलं. पण पकडले गेले तर म्हाताऱ्याला कोण सोडवणार? सकाळी ती हट्टानं सोबत निघाली.

सरहद्दीच्या स्टेशनावर पलीकडचा ड्रायव्हर वाट पाहत होता, तोही पिकल्या केसांचाच. सासऱ्यांनी पुरचुंडी काढली. ते इंजिनावर चढले आणि चढावर चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर रेती सोडतात, त्या रेतीच्या पेटीत त्यांनी ती रिकामी केली.

“मेव्हण्यानं चाळून दिलीय बघ,” ते सुनेला म्हणाले. “कामाला चोख आहे गडी. डोकं तेवढं तापट.”

यानंतर सासऱ्यांना चालवायला शेडकडे इंजिनच उरणार नव्हतं. तरी पाळी बदलताना पुढच्याला इंजिनाच्या खोडी सांगायची रीत त्यांनी चुकवली नाही. भाषा येत नव्हती, म्हणून हातवारे केले. पाण्याचा डावा नळ अडतो, हातोडीनं ठोकायचा. पलीकडच्यानं जोरात ठोकला.

“हळू रे बाबा,” सासरे म्हणाले, आणि त्याचं मनगट धरून पुन्हा दाखवू लागले.