नाझारेच्या घरात माझ्या आईची ताटं

"आई, समुद्राकाठी घर घेतलंय. मांडायला ये," असं केतकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली. केतकी माझी एकुलती एक लेक. ती आणि जावई समीर चार वर्षं पोर्तुगालमध्ये, लिस्बन शहरात नोकरी करतात. आमच्या ह्यांचं गुडघ्याचं दुखणं, त्यामुळे मी एकटीनेच जायचं ठरलं. मी मॅट्रिक झालेली बाई, बोईसरहून एकटी फार तर पालघरला जाते. तरी घर मांडायचं म्हटल्यावर नाही म्हणवेना. डहाणूच्या महालक्ष्मीपुढे नारळ ठेवला आणि तयारीला लागले.

केतकीने एक यादी पाठवली होती. ताटं सहा, वाट्या सहा, चमचे सहा, सगळंच सहा. मी म्हटलं, युरोत कशाला घ्यायचं? माळ्यावर नवीकोरी सहा ताटं पडलीच होती. माझी आई गेली, तिच्या वर्षश्राद्धाला दोन डझन स्टीलची ताटं केली होती. दुकानदाराने मशीनने टिंबाटिंबांची अक्षरं कोरून दिली होती : कै. हिराबाई, दांडी, यांचे स्मरणार्थ. अठरा वाटली गेली, सहा उरली. ती जुन्या चादरीत गुंडाळून बॅगेत भरली. शिवाय तवा, किसणी, एक प्लास्टिकचा मग. मग न्यायलाच हवा, पुढे कळेल का ते.

जाणाऱ्यांसाठी सांगते, बोईसरहून विमानतळाला निघायचं तर हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा. आम्ही चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो आणि घोडबंदरच्या अलीकडे दीड तास एका जागी उभे. गाडीचे साडेतीन हजार. दुबईत विमान बदलायचं होतं. तिथे पाण्याची बाटली घेतली आणि किंमत रुपयांत मोजल्यावर ती बाटली मी घरापर्यंत जपून आणली.

लिस्बनला पोचल्यावर पहिल्याच जेवणाला मी विचारलं, "मग तुम्ही राहायला कधी जाणार तिकडे?"

केतकी आणि समीर एकमेकांकडे बघायला लागले.

"आई, आम्ही नाही राहणार. पाहुणे राहणार. चार दिवस, आठ दिवस, भाडं देऊन."

"ओळखीचे?"

"छे गं. कोणीही."

मी घास खाली ठेवला. स्वतःचं घर घ्यायचं, त्यात गाद्या-उशा घालायच्या, आणि झोपणार कोण तर अनोळखी माणसं! समीर हसून म्हणाला, "आई, तिथे एक कपाट आपलं असतं. कुलपाचं. बाकी सगळं पाहुण्यांचं." आख्ख्या घरात मालकिणीला एक कपाट. रात्री बराच वेळ मला हेच खटकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बॅग उघडली. ताटं बघून केतकीचा चेहराच उतरला.

"आई, ह्यावर आजीचं नाव आहे! कैलासवासी!"

"असू दे की. तिकडे मराठी कोणाला येतंय?"

"तो प्रश्न नाही. सुट्टीला आलेली माणसं मेलेल्या माणसाच्या ताटात जेवणार?"

"तुझ्या आजीच्या ताटात जेवणार," मी म्हटलं. तिने ताटं पुन्हा चादरीत गुंडाळली आणि संगणकावर पांढरी काचेसारखी ताटं मागवली. आईच्या ताटांना नातीच्या घरात जागा नाही, हे मला फार लागलं. पण नाझारेला, त्या घराच्या गावी, निघताना ती चादर मी माझ्या पिशवीत घातली.

लिस्बनहून नाझारेला बसने दोनेक तास लागतात, तिकीट तेरा युरोच्या आसपास. समीरला सुट्टी नव्हती, आम्ही मायलेकीच गेलो. फ्लॅट दोन खोल्यांचा, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र. घरांची देखरेख करणारी एक संस्था असते. तिची बाई, तेरेजा, शुक्रवारी अकरा वाजता येऊन यादीप्रमाणे मोजणी करणार, मगच किल्ली ताब्यात घेणार. शनिवारी पहिले पाहुणे. एक वस्तू कमी निघाली तरी पाहुणे दुसऱ्या घरी पाठवणार. केतकी सारखी घड्याळ बघायची.

त्या यादीने मला जे धक्के दिले ते सांगते, कारण कोणाच्या लेकी-सुनेने असं घर घेतलं तर उपयोगी पडेल. राहणार चार माणसं, पण फुटतं म्हणून सगळं सहा. चादरी प्रत्येक पलंगाला तीन जोड : एक पलंगावर, एक धुवायला, एक कपाटात. आणि सगळ्या पांढऱ्याशुभ्र! हळदीचा एक डाग पडला की संपलं. मी विचारलं, फुलाफुलांच्या का नकोत? तर म्हणे पांढऱ्यावर स्वच्छता दिसते. आग विझवायचं नळकांडं, आगीवर टाकायचं वेगळं पांघरूण, औषधांची पेटी. वाइनचे ग्लास सहा आणि बूच काढायचा स्क्रू. तो स्क्रू दुकानात मी माझ्या हाताने टोपलीत टाकला आणि मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. सगळ्यांवर कडी म्हणजे तक्रारवही. कायद्यानेच ठेवावी लागते! आपल्या घरात, दाराजवळ, आपल्याविरुद्ध लिहायची वही आपणच विकत आणून ठेवायची. माझ्या सासूबाईंना अशी वही मिळाली असती तर एक पुरली नसती.

माझ्या प्लास्टिकच्या मगाचं मात्र जमलं नाही. बाथरूममध्ये बादली नाही, मग नाही, नुसता कागद. मी माझा मग ठेवला, केतकीने तो कुलपाच्या कपाटात टाकला.

पलंग तुकड्यातुकड्यांत खोक्यातून येतो, वाकड्या किल्लीने आपणच जोडायचा. एक फळी उलटी बसली, दोनदा सोडवली. दुपारी जेवायला खाली गेलो. भाजलेले बांगड्यासारखे मासे, उकडलेले बटाटे, दोघींचे वीस युरो. मासा ताजा, पण मीठ सोडून काहीही नाही. मी पर्समधून मसाल्याची पुडी काढली तेव्हा केतकीने डोळे मिटून घेतले.

आणि जेवून वाळूत गेलो तर काय! लाकडी चौकटींवर जाळी ताणलेली आणि त्यावर मासे मधोमध चिरून उघडे करून उन्हात घातलेले. शेजारी जाड घोळदार घागरे घातलेल्या बायका, डोक्याला फडकी, बोलणं आरडाओरड्याचं. मी उभीच राहिले. माझी आई माझ्या माहेरी, दांडीच्या किनाऱ्यावर जन्मभर हेच करत होती. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगायची, इथे आडवे घालतात एवढाच फरक. वास तोच. ह्याच बायका हातात पाट्या धरून रस्त्यात बसतात, खोली भाड्याने आहे म्हणून चार भाषांत लिहिलेलं. केतकी म्हणाली, पूर्वीपासून त्या घरातली खोली पाहुण्यांना देतात आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपतात.

मी तिथूनच दांडीला वहिनीला व्हिडिओ लावला.

"आगो बया, वन्सं! येवढा विमानाचा खर्च करून तुमी सुकं बघाया गेल्याव? आमच्याकडं सुक्याला तोटा हाय काय?"

"अगं, बघ तरी कसे चिरलेत."

"नीट नाय चिरलेत. तिला सांगा, पोटाची बाजू वर ठेव. माशी बसंल." वहिनीने सातासमुद्रापलीकडच्या बाईलाही सोडलं नाही.

गुरुवारी वरच्या कड्यावर गेलो. रुळांवरून चढणारी छोटी गाडी नेते. वर देवीचं, म्हणजे त्यांच्या मेरीमातेचं देऊळ आहे. मूर्ती लहान, काळसर, वेदीमागच्या पायऱ्यांनी जवळ जाता येतं. मी हात जोडले आणि सांगितलं, उद्याची मोजणी पार पडू दे.

शुक्रवारी सव्वादहा वाजता पांढऱ्या ताटांचं खोकं आलं. केतकीने उघडलं आणि मटकन खाली बसली. सहांपैकी चार फुटलेली. तेरेजा यायला पाऊण तास. केतकीने समीरला फोन केला, मग रडायलाच लागली. मी पिशवीतून चादर काढली, सहा ताटं धुतली, पुसली आणि टेबलावर मांडली. ती बघत राहिली. नको म्हणाली नाही.

तेरेजा उंच, केस आखूड, हातात यादी. उशा दाबून पाहिल्या, ग्लास उजेडात धरले, तक्रारवही उघडून पाहिली. मग टेबलापाशी आली. एक ताट उचललं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय लिहिलंय?

"कंपनीचं नाव," केतकी म्हणाली. "ब्रँड."

तेवढं इंग्रजी मला कळतं. तेरेजाने मान हलवली, यादीवर खूण केली, किल्ली घेतली आणि गेली. घर पास झालं. केतकीने मला मिठी मारली, पण माझे हात काही वर होईनात.

"तू आजीला कंपनी केलीस," मी म्हटलं.

"मग काय सांगू? वैयक्तिक वस्तू चालत नाहीत, आई. नाव सांगितलं असतं तर ताटं काढायला लावली असती."

खरं होतं तिचं. पण मला राग आला होता, आणि बसमध्ये लिस्बनपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. उरलेले आठ दिवस आम्ही दोघींनीही तो विषय काढला नाही.

बोईसरला येऊन तीन आठवडे झाले. कोणी विचारलं, कसं होतं, तर मी पांढऱ्या चादरी आणि तक्रारवहीच सांगायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. परवा केतकीचा फोन आला.

"आई, एक ताट गेलं."

"गेलं म्हणजे?"

"पाहुण्यांनी नेलं. दुसऱ्या खेपेचं जोडपं होतं. पाचच राहिलीत. तेरेजा म्हणाली, अनामतीतून पंधरा युरो कापून घेऊ."

मी ओट्याला टेकले. वाइनचे ग्लास सोडून स्टीलचं ताट चोरावं? आणि त्याहून भयंकर म्हणजे, "केतकी, स्मरणार्थ केलेल्या ताटाचे पैसे घेतलेस तू?"

"नाही घेतले. ऐक ना. मी त्या जोडप्यातल्या बाईंना लिहिलं. लिहिलं की ते कंपनीचं नाव नाही. माझी आजी होती, ती समुद्राकाठी मासे सुकवायची, तिच्या नावाने ताटं वाटली होती. बाई ओशाळल्या. परत पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, वाटण्यासाठीच होती."

मी डोळे पुसले, तरी मनात काहीतरी टोचतच होतं. मग कळलं काय ते.

"रिकामंच नेलं असेल ना गं?"

"म्हणजे?"

"अठरा ताटं दिली आम्ही. प्रत्येकात नारळ आणि पाच लाडू होते. आईच्या नावाचं ताट रिकामं कोणाच्या घरी गेलं नाही."

केतकी हसली नाही. काल तिने टेबलाचा फोटो पाठवला. पाच ताटं, आणि एकेकात दोन-दोन लाडू, बेसनाचे, जरा काळपटच भाजलेले. तेरेजाने विचारलं म्हणे, हे यादीत कुठे घालू? केतकीने सांगितलं, ताटांच्याच ओळीत.