न जळालेली पट्टी

वळसंगच्या एका मजुरावर अन्याय झाला. दोन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या सोमवारी, न्याहारी करून त्याने पुन्हा कोयता हातात घेतला तेव्हा. त्याचे दोन्ही पाय भाजले, आणि संध्याकाळी आमच्याच ठाण्यात त्याच्याच नावावर गुन्हा दाखल झाला. कॉलेजात मी पत्रकं लिहायचो, नंतर खाकी घातली, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुन्हा पत्रकं लिहितो. पण तो सोमवार काही डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

जागा सोलापुरातल्या एका बंद गिरणीची, फ्लॅट बांधायला एका बिल्डरने घेतलेली. यंत्रं कधीच भंगारात गेली होती. जमिनीवर वेडी बाभूळ माणसाहून उंच वाढलेली, खाली घाणेरी आणि वाळलेलं गवत. त्या झाडीखाली गिरणीचा रंगखाना होता, हे भिंतीपलीकडच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. कापड रंगवायच्या टाक्या, त्यांवर गंजके पत्रे, जुन्या रसायनांची पिंपं. अशा जागेत आधी काठीने जमीन चाचपतात, टाक्यांभोवती खुणा करतात, पिंपं जाणकारांकडून हलवतात, मग हाताने झाडी तोडतात. काडी तर लावतच नाहीत. इथे यातलं काहीही झालं नाही.

आग लागली तेव्हा हा मजूर झाडीच्या मधोमध होता. धुरात दिसेल तिकडे पळाला. पायाखालचा पत्रा मोडला आणि तो कमरेपर्यंत टाकीतल्या रसायनाच्या गाळात गेला. सोबत्यांनी ओढून बाहेर काढलं.

फिर्याद या मजुरांच्या मुकादमाने दिली. 'याने बिडी फेकली, गवत पेटलं, मी बंबाला फोन केला.' घाबरलेला माणूस अडखळतो, मागचं पुढे सांगतो. हा मात्र पाढे म्हटल्यासारखा म्हणून मोकळा झाला. ठाणे अंमलदाराने लिहून घेतलं, तपास माझ्याकडे आला. मला तिथेच संशय आला.

आमच्या जुन्या हवालदारांनाही आला. म्हणाले, "साहेब, दोन झुरके चुकले की बिडी विझते. पेटती ठेवायलाच मेहनत लागते. तिनं एवढं रान पेटवलं म्हणताय?"

"तज्ज्ञ म्हणून जबाब देता का?"

"देतो की. फक्त घरी कळवू नका. सोडली म्हणून सांगितलंय."

बिडीने गवत पेटतच नाही असं नाही. म्हणून त्याच रात्री मी रुग्णालयात गेलो. मजुराची बायको वॉर्डाच्या दारात बसली होती. तीही तिथेच तोडणीला होती.

"साहेब, हितं येऊन पोलिसानं आगलाव्या म्हनून मोठ्यानं नाव घेतलं त्यांचं. सगळा वॉर्ड ऐकत व्हता."

"ते बिडी ओढतात का?"

"ओढतात की. खोटं कशाला बोलू? पर न्याहारीला, गेटाभाईर. आत न्हाय." मग म्हणाली, "आमी मुकादमाला म्हनलं व्हतं, हातानं तोडू, आट-धा दिस लागतील. तर त्यो म्हनला, शेठला तृतीयेला नारळ फोडायचा हाय. आवो, पाय गेलं तरी मी सांभाळीन त्यास्नी. पर गावानं लेकरांना आगलाव्याची पोरं म्हनायचं व्हय?"



दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी भिंतीपलीकडच्या वस्तीतली एक बिडी वळणारी बाई भांडायलाच आली. घरात तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी.

"ओ साहेब, आमचे पत्रे काळे झाले, पोरं खोकतायत. परवाच्या दिशी तिकडं सॅम्पल फ्लॅटकडच्या गवताची गुळगुळीत हजामत केली. आमच्याकडं आल्यावर वस्तरा बोथट झाला काय? आमी माणसं नव्हं काय?"

तिला तक्रार करायची होती. मला मात्र खबर मिळाली.

गिऱ्हाइकांना दाखवायला बिल्डरने आधीच उभारलेल्या सॅम्पल फ्लॅटच्या बाजूला गेलो. बैलगाडी जाईल एवढी रुंद पट्टी, मुळासकट खुरपलेली, माती उघडी. राख तिच्या काठाला येऊन थांबली होती. फ्लॅटच्या पडद्यांना काजळीसुद्धा लागली नव्हती. वस्तीच्या बाजूला अशी पट्टी नव्हती. मोबाईलवर फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या.

मुकादमाला चौकशीला बोलावलं. करमाळ्याकडचा माणूस, घरचा ऊस. त्याला चहा दिला आणि आगीचं नावच काढलं नाही.

"ऊस गेला का कारखान्याला?"

"गेला की साहेब."

"पाचटाचं काय केलं?"

"जाळलं. दुसरं काय करनार?"

"शेजाऱ्याच्या उसाला आग लागत नाही?"

तो हसला. साहेबाला शेतीतलं काही कळत नाही म्हणून खूश झाला असावा. "कशी लागंल? आदल्या दिशी बांधाकडनं पट्टा काडायचा. माती उघडी करायची. पट्ट्याबिगर काडी लावनारा शेतकरी नव्हं, येडा म्हनायचा."

मी मोबाईल त्याच्यापुढे सरकवला. "मग हा पट्टा कुणाच्या उसासाठी काढलास?"

त्याने कप खाली ठेवला. 

"हात तसाच चालतो वो साहेब. शेठचा फोन व्हता. तृतीयेच्या आत जागा मोकळी दिसली पायजे, कशी ते तू बघ."

"माणसं आत होती."

"मला वाटलं न्याहारी लांबंल."

मी बिल्डरचाही जबाब घेतला. "मी जाळ असं म्हणालोच नाही," तो म्हणाला. नसेलही. अशा लोकांना तो शब्द तोंडाने काढावा लागत नाही. तारीख सांगितली की पुरे होतं. गुन्हा दोघांवर लावला, खटला अजून चालू आहे. मजुराचं नाव आरोपींतून वगळलं, तेव्हा ते सांगायला मी वॉर्डात गेलो आणि त्याच्या बायकोशी हळू आवाजात बोलू लागलो.

तिने मला थांबवलं. "मोठ्यानं सांगा की साहेब. तवा मोठ्यानं सांगितलं व्हतं."

मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहून मोठ्याने सांगितलं. तो मजूर आज काठी घेऊन चालतो.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुणी 'अपघात' म्हटलं की मी विचारतो, त्यातून काय वाचवलं गेलं? त्या मुकादमाला काळजी घेता येत नव्हती असं नाही. पडद्यांसाठी त्याने ती घेतलीच होती.

आता तुमच्याकडे वळतो. बंद गिरण्यांच्या जागांवर फ्लॅट उभे राहतायत आणि ते बुक करायला तुम्हीच जाता. त्या गार ऑफिसात बसून विचारा, इथली झाडी कशी काढली? जमिनीतल्या टाक्या आधी कुणी शोधल्या? उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका. आणि अशा भिंतीपलीकडून धूर आला तर खिडकी लावून घेऊ नका. बंबाला फोन करा, खाली उतरा, गेटवर जा आणि ओरडून विचारा, आत कोण आहे?