वसंतरावांच्या जेवणाचा खर्च

पानावरून उठताना वसंतराव दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणायचे, "अन्नदाता सुखी भव!" आणि अन्नदात्याचे पैसे न देता चालू लागायचे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वसंतराव जाऊन बरीच वर्षं झाली, पण मी बोलणार आहे. चांगलं काही आठवलं तर तेही सांगेन. अजून आठवलेलं नाही.

वडील गेल्यावर माझ्या आईनं अंबरनाथला बुवापाड्यात खाणावळ घातली होती. कारखान्यांतले वीसेक जण जेवायला यायचे. वसंतराव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. घर कुळगावला, दुपारचं जेवण आमच्याकडे. पांढरंशुभ्र धोतर, हात पुसायला घडीचा रुमाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. आमटीत मीठ कमी पडलं तर आईला नाही, मला सांगायचे, "मुली, अन्न हे पूर्णब्रह्म. त्याच्याशी हयगय नको." दोन महिन्यांचं बिल थकवून हे ज्ञान!

खोलीच्या मालकानं एकदा सांगितलं, दिवाळीपर्यंत सहाशे रुपये पागडी द्या, नाहीतर खोली सोडा. आईनं हातातल्या पाटल्या विकल्या. आमच्याकडे तेवढंच सोनं उरलेलं होतं. पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले आणि भोळेपणानं चार माणसांत बोलून बसली. त्याच आठवड्यात वसंतराव जेवण झाल्यावर मागं रेंगाळले. निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी व्यापाऱ्याकडे कापडाचा स्वस्त माल आलाय, पंधरा दिवसांत पैसे परत, दिवाळीला अजून दोन महिने आहेत, वगैरे. रेव्हेन्यूचं तिकीट लावून त्यांनी चिठ्ठीही लिहून दिली.

मी आईला आत ओढून म्हटलं, "देऊ नकोस."

"अगं, रोज पानावर बसून आशीर्वाद देणारा माणूस तो," आई म्हणाली आणि डब्यातले सहाशे रुपये त्यांच्या हातावर ठेवून आली.

दिवाळी आली नि गेली. खोलीही गेली. आईनं मागच्या चाळीच्या पडवीत चुली मांडल्या. पावसाची झड थेट पानात यायची. अशा ठिकाणी कोण जेवायला बसणार? विसांचे सात उरले.

वसंतरावांनी नोकरी सोडली आणि कॅम्प एकमध्ये बायकोच्या नावावर कापडाचं दुकान टाकलं. आई पैसे मागायला गेली की तिला गादीवर बसवायचे, चहा पाजायचे. "काकू, पैसा काय, हाताचा मळ आहे. मी काय पळून जातोय? कुळगाव काय विलायतेत आहे?" आई रिकाम्या हातानं परत यायची आणि वर म्हणायची, "बोलले मात्र चांगलं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी तेव्हा शाळेत मास्तरीण होते, वीस वर्षांची, आणि सगळ्या जगाला फळ्यासमोर उभं करावं असं मला वाटत असे.

शेवटी मीच चिठ्ठी घेऊन टेकचंद वकिलांकडे गेले. सिंधमध्ये त्यांची मोठी वकिली होती म्हणे. आता कॅम्पातल्या बराकीत खोक्यांचं टेबल मांडून बसत आणि कल्याणच्या कोर्टात जात. त्यांनी आधी चिठ्ठीवरची तारीख पाहिली.

"बेटी, हा माणूस एवढा गोड का बोलतो, मालूम आहे? तीन साल पुरे व्हायची वाट बघतोय. मग हा कागज रद्दी. चार महिने राहिलेत."

म्हणजे तो चहा आईला नव्हता, कॅलेंडरला होता! मी आईला हे सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "भर केस," एवढंच म्हणाली.

नोटीस गेली, दावा झाला, आणि वर्षभरानं कोर्टाचा हुकूमनामा आमच्या बाजूनं लागला. मी पेढे वाटले. मूर्ख कुठली! पैसे द्या असं कोर्टानं सांगितलं की समोरचा देतो, असं मला वाटलं होतं. टेकचंद म्हणाले, "अब असली काम शुरू. वसुलीची दरखास्त टाकायची."

जप्तीसाठी बेलीफबरोबर मी कुळगावला गेले. वसंतराव जेवत होते. उठलेसुद्धा नाहीत. "या, या! भांडी स्वयंपाकाची, ती कायद्यानं उचलता येत नाहीत. अंगावरचे कपडे, अंथरूण, तेही नाही. कपाट बायकोच्या माहेरचं. दुकान बायकोचं. माझं असं म्हणाल तर हे एवढं पोट!" आणि पोटावरून हात फिरवून हसले. त्यांची बायको वाढत होती. ती हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून भात वाढला. तिच्या हातात पाटल्या होत्या, तेवढ्या माझ्या लक्षात राहिल्या.

आता एकच रस्ता होता, दिवाणी कैद, म्हणजे कर्ज फेडत नाही म्हणून तुरुंग. पण ऐपत असून हा माणूस देत नाही, हे कोर्टाला पटवायला हवं होतं. रविवारी मी सरळ कॅम्प एकमध्ये त्यांच्या दुकानात गेले आणि दोन वार पॉपलीन मागितलं. वसंतरावांना वाटलं, आली पोरगी वठणीवर. "तुझ्यासाठी चार आणे कमी," म्हणाले. मी पावती मागितली. ऐटीत लिहून सही ठोकली. ती पावती पाहून कोर्टानं दुकानाच्या वह्या मागवल्या. पानापानावर वसंतरावांचं मोत्यासारखं अक्षर, आणि जिच्या नावावर दुकान तिची सही कुठेच नाही. अटकेचा हुकूम निघाला.

टेकचंद मात्र खूश दिसेनात. कान खाजवत आम्हा दोघींना म्हणाले, "एक बात राहिली. दिवाणी कैद्याचा जेवणखर्च सरकार देत नाही. ज्याचं घेणं आहे त्यानं भरायचा. महिन्याचा आगाऊ. नाही भरला तर तो सुटेल, आणि या हुकूमनाम्यावर परत पकडता येणार नाही."

मी ओरडलेच. "पैसे त्यानं बुडवायचे, आणि त्याला जेवायलाही आम्हीच घालायचं?"

आई आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग कनवटीचे पैसे काढून तीस रुपये मोजले. सात माणसांच्या खाणावळीतून ते कसे साठवले होते ते मला ठाऊक होतं. "इतकी वर्षं फुकट जेवला," ती म्हणाली, "आता माझ्या पैशानं तुरुंगात जेवू दे. आणि वकीलसाहेब, त्याला निरोप द्या, उठताना म्हणायला विसरू नको म्हणावं."

वसंतराव ठाण्याच्या तुरुंगात गेले. तिथून त्यांनी घरी निरोप पाठवला, दुकानाला हात लावायचा नाही, म्हातारी महिन्याभरात थकेल. माझी आई तेव्हा पंचेचाळीसचीही नव्हती.

दुसऱ्या महिन्याचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी त्यांची बायको आमच्या पडवीत आली. रुमालात बांधलेली रक्कम तिनं आईपुढे ठेवली. मुद्दल, व्याज, कोर्टखर्च, वर तुरुंगातल्या जेवणाचे तीस रुपये. तिच्या हातात आता नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

"पाटल्या विकल्यास?" आईनं विचारलं.

"तुमच्याही गेल्याच होत्या ना."

मला वाटलं, आई पैसे परत करील. केले नाहीत. नीट मोजून घेतले, माझ्याकडून पावती लिहवून घेतली. मग म्हणाली, "चार घास जेवून जा, बाई."

"नको, काकू. आमच्या घरचं माणूस खूप जेवलंय तुमच्याकडे."

ती गेल्यावर आई बराच वेळ तो रुमाल घडी करत बसली. त्या पैशातून आम्हाला पुन्हा खोली मिळाली. महिन्याभरात पंधरा पानं उठू लागली. पण त्या खोलीत आईनं हातात सोनं कधी घातलं नाही.

पुढे काही वर्षांनी बदलापूरच्या बाजारात वसंतराव समोरून आले. तेच पांढरं धोतर. मागं दोन पावलांवर बायको, हातात भाजीची जड पिशवी, मनगटात काचेच्या बांगड्या. मला पाहून त्यांनी हात जोडले. "काय, आई बरी ना? सांग तिला, वसंतरावानं कुणाचं ठेवलं नाही. पै न् पै फेडली."

भर बाजारात माझा आवाज चढला. "तुम्ही नाही फेडलीत. यांनी फेडली. तुम्ही फक्त जेवलात!"

भाजीवाल्या माना वळवून बघू लागल्या. वसंतराव हसायला गेले, पण हसू काही जमेना. त्यांची बायको पुढे आली. तिनं ती जड पिशवी त्यांच्या हातात दिली आणि मागं न बघता पुढं चालू लागली.