सात पायऱ्यांची उडी

मेथीच्या जुड्या बांधताना भोवती पाला साचतो, आणि उठताना कळतं की आपण केवढ्या ढिगात बसलो होतो. किश्श्यांचंही तसंच. मी भातकुलीकडचा भाजीवाला. अमरावतीचा बाजार पहाटे भरतो, म्हणून रात्रीच्याच गाडीने येतो आणि एका बंद दुकानांच्या इमारतीच्या ओट्यावर पडतो. ओट्याला सात पायऱ्या. त्या पायऱ्यांपायीच रात्री उड्या मारायला येणारी ही पोरं माझ्या वाट्याला आली.

*

पहिल्या रात्री त्यांच्यातला पवन चार चाकांच्या फळीवर उभा राहून आला; स्केटबोर्ड म्हणतात तिला. मी विचारलं, "लेकरा, याचं हँडल कुठी पडलं?"

"आबाजी, याले हँडल नसतेच."

"मंग थांबवता कसं?"

"पडून," तो म्हणाला, आणि थांबवून दाखवली.

*

फोटो काढायला वैभव अकोल्याहून यायचा. दिवसा लग्नांचे फोटो, रात्री या पोरांचे. एकदा गस्तीवरचे दोन शिपाई आले. "काय करून राहिले रे इथं?"

"फोटो काढून राहिलो, साहेब."

"अंधारात?"

वैभवने कॅमेऱ्यात दाखवले. मोठ्या शिपायाने बराच वेळ पाहिलं, टोपी नीट केली आणि खांबाजवळ जाऊन उभा राहिला. "काढ मंग माहाबी. पोट येऊ देऊ नको."

*

एकदा वैभवने कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवून रस्त्याचा फोटो काढला. मला म्हणाला, हलू नका. फोटोत रस्ता रिकामा, नुसत्या लाल रेघा.

"एवढे ऑटो गेले, ते कुठी आहेत?"

"चालणारं यात उमटत नाही, आबाजी. त्याचा उजेड तेवढा उमटते. बसेल माणूस बराबर येते."

मी ओट्यावर अगदी स्वच्छ आलो होतो. सारी जिंदगी एका जागी बसून गेली, त्याचा उपयोग झाला तो तेवढाच.

*

हिवाळाभर पवन त्या सात पायऱ्यांवरून उडी घ्यायचा आणि पडायचा. एकदा वैभवने काढलेला फोटो असा झकास, की पोरगं आभाळात टांगल्यासारखं. वैभवने तो पुसून टाकला.

"कावून रे?"

"खाली आल्यावर पाय फळीवर टिकले नाहीत. पडलेल्या उडीचा फोटो आमच्यात धरत नाहीत."

"पाहणाऱ्याले काय समजते?"

"आमाले समजते ना."

मी जुडीत वरून ताजा पाला लावणारा माणूस.

*

मग पवनला पुण्यात नोकरी लागली. पहाटेची गाडी, म्हणजे उडीला ती एकच रात्र उरली. पायऱ्यांखाली काठीवरचा फ्लॅश धरायचं काम माझ्याकडे होतं. "काही झालं तरी हात हलवू नका," वैभवने बजावलं होतं.

तीनदा पडला. कोपर सोललं, घोटा सुजला. "बस कर रे," मी म्हटलं. "शेवटची," तो म्हणाला.

चौथ्यांदा तो वरून सुटला आणि मला वाटलं, हा आता डोक्यावर येतो. मी काठी टाकली, दोन्ही हात पसरले आणि पुढे धावलो.

तो माझ्या बाजूने गेला. मागे फळी रस्त्यावर आपटली आणि चाकांची घरघर लांब गेली. पोरं ओरडली. पवन फळीवर उभा होता.

वैभव कॅमेऱ्यात पाहत होता. फ्लॅश खाली पडून माझ्याकडेच तोंड करून चमकला होता. फोटोत मीच. धोतर, उघडं तोंड, पसरलेले हात. माझ्या डोक्याच्या बाजूला अंधारात फळीची दोन चाकं, बाकी पवन कुठेच नाही.

पवन पुन्हा उडी घ्यायला वर चढू लागला. दोन पायऱ्या चढला आणि घोटा धरून खाली बसला.

"माझ्यानं चुकलं, बाप्पा," मी म्हटलं. आजही तेच म्हणतो.

वैभवचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला. पवनने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. मायले दाखवतो. थे रोज इचारते, पडशीन तं धराले कोण हाये."