काट्यांचा पंजा

मला कुणी काम सांगितलेलं आवडत नाही आणि मायला कुणी काम करू नको म्हटलेलं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी "जड उचलणं आता कायमचं बंद" असं तिला बजावलं, आणि आजारी पडल्यासारखा झालो मी. दिवसभर ओट्यावर बसून ती मला सूचना द्यायची.

आमचं शेत पारोळ्याजवळ, नाल्याला लागून. काठावरची वेडी बाभूळ दरवर्षी तोडायची आणि तिच्या काटेरी फांद्यांचं, म्हणजे काट्यांचं, कुंपण करायचं, नाहीतर रानडुकरं मक्यात शिरतात. हे काम मायचं. टोकाला दोन फाटे असलेली एक दुबेळक्याची काठी खालून घालायची, दुसरी वरून, आणि अख्खा भारा उचलून बांधावर. गावात तिच्याइतक्या काट्या कुणी उचलत नसे. हे सगळ्यांना तीच सांगायची.

आता मात्र ती म्हणू लागली, "मी आते काय कामनी?" आधी चिडून म्हणायची, पुढे पुढे हळू आवाजात. चिडलेली माय मला झेपते, हळू बोलणारी नाही. मला भीतीच वाटली.

आमच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे. त्याचं खोरं माती उचलतं, पण काट्या नुसत्या ढकलतं. त्या खोऱ्यावर वरून मिटणारा पंजा बसवला तर? माय सीटवर बसून दांडी ओढेल आणि काट्या उचलेल. बसायला तर डॉक्टरांनी मनाई केली नव्हती.

पारोळ्यातला एक वेल्डर माझा शाळासोबती आहे. तो जोडतो कमी, बोलतो जास्त. धुळ्याच्या भंगारातून आम्ही जाड पट्ट्या आणि पंजा मिटवायला ट्रॉलीचा एक जुना जॅक आणला. आठ दिवस खपून पंजा केला. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आधी लाल रंग दिला, मग नारळ फोडला, मग लिंबू-मिरची बांधली, आणि सगळ्यात शेवटी तो चालतो का ते बघितलं.

नाही चालला. पंज्याची टोकं खोऱ्याच्या काठावर टेकली, काट्या दबल्या, आणि भारा वर जाताच उसळी मारून पुढे पडला. तीनदा तेच. वेल्डरने काट्यांना शिव्या दिल्या, मी वेल्डरला. बांधावर खाटेवर बसलेली माय दोन्ही हातांनी पोट धरून हसत सुटली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती, तेही माझ्या फजितीवर.

"अरे, तू त चिमटा करेल शे!" ती म्हणाली. "काट्या चिमटामा ऱ्हातस का? त्यासले कवमा लेनं पडस."

आणि कडब्याची कवळी उचलावी तसे तिने दोन्ही हात पुढे करून, वाकवून, छातीशी ओढले. मला रागच आला. वीस वर्षं गावोगाव ठिबकच्या नळ्या जोडणाऱ्या माणसाला ही शिकवणार! मग तिचे हात नीट पाहिले. आमचा पंजा नुसता दाबत होता, ती आपल्याकडे ओढत होती.

वेल्डरने तिच्या वाकवलेल्या हातावरून तार फिरवून बाकाचं माप घेतलं. "अक्का, हालू नका," असं दहा वेळा म्हणाला. मग पंज्याची लाल बोटं कापून टाकली. नवी लांब आणि आत वळणारी केली, बिजागरी मागे सरकवली. हे काम चाललं ते चार दिवस पडीक रानात मी मायला ट्रॅक्टर चालवायला शिकवलं. म्हणजे शिकवत मी होतो, ओरडत ती होती.

पाचव्या दिवशी रंग नाही, नारळ नाही. ओठ दाताखाली धरून मायने खोरं काट्यांखाली घातलं आणि दांडी ओढली. पंजा वळत आला, भारा आत ओढला गेला आणि तसाच्या तसा वर उचलला गेला. खाली एक डहाळीसुद्धा पडली नाही. मी लहान पोरासारखा ओरडलो. वेल्डरने शिट्टी मारली. मायने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, भारा बांधावर ठेवला आणि ट्रॅक्टर मागे घेतला.

दुपारपर्यंत ती खाली उतरली नाही. मला काम उरलं ते तिला पाणी नेऊन देण्याचं. इतका आनंद मला स्वतःचं कुठलंही काम फत्ते झाल्यावर झाला नव्हता.

शेजारचा शेतकरी बराच वेळ बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याने माझ्याकडे त्याच्या नाल्यासाठी दिवस मागितला, "भाऊ, हाऊ पंजा लई आमना नालावर कवय येशी?"

मी तोंड उघडायच्या आत सीटवरून आवाज आला.

"परवा येसू मी. उद्या माले आमनंच काम शे."