गठाणीची पट्टी

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हा मी चिखलीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गोदामाचा मुकादम होतो. रुई दाबून तिच्या गठाणी बांधायच्या, वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. एक गठाण चार माणसांना भारी. ती ट्रकमध्ये चढवायला गोदामात चेनकुप्पी होती. साखळी ओढली की हुकाला लटकलेली गठाण हळूहळू वर जायची.

चेनकुप्पी चालवणारे मिस्तरी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मला काम त्यांनीच शिकवलं. गठाणीखालून दोराचा फास घ्यायचा, हुक फासात अडकवायचा, वीतभर उचलून थांबायचं, खाली कोणी नाही हे पाहायचं, मगच वर न्यायचं. एकदा एका हमालानं घाईत हुक सरळ लोखंडी पट्टीत अडकवला. मिस्तरींनी साखळी सोडली.

"पट्टी गठाण बांधाले असते, उचलाले नाही. माह्या हातानं माणूस मारतं का बे?"

त्याच मिस्तरींनी पट्टीत हुक लावायला कधी सुरुवात केली, ते मला सांगता येणार नाही. एखाद्या दिवशी ट्रकवाला घाई करत असेल. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या हंगामात दोर खुंटीवरून खाली उतरलाच नाही. ट्रक लवकर भरून निघायचे, शेठ खूश, मीही खूश. हमाल लटकत्या गठाणीखालून बिनधास्त ये-जा करू लागले. एकदाच मी हसत हसत विचारलं, "मिस्तरी, दोर लावत नाही आजकाल?"

"अठरा वर्षं झाले. कोणती पट्टी तुटते ते माह्या हाताले समजते."

मी गप्प बसलो. ज्यांनी मला शिकवलं, त्यांना मी काय शिकवणार?

उन्हाळा लागता लागता एका दुपारी जेवणानंतर काम सुरू झालं. उंद्रीचा एक हमाल मिस्तरींसोबत पहिल्यापासून होता. दोघांची भाकरी रोज एकाच फडक्यावर सुटायची. तो वाकून जमिनीवरची फळी सरळ करत होता. वर कडकन पट्टी तुटली आणि गठाण त्याच्यावर कोसळली. आम्ही गठाण बाजूला लोटली तेव्हा तो जिवंत होता, पाणी मागत होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. मी परत आलो तेव्हा मिस्तरी तिथंच उभे होते. साखळी अजून हातात होती. ती मी सोडवून घेतली.

चौकशीला साहेब आले. मी म्हणालो, "पट्टी खराब निघाली."

मिस्तरी मागून पुढे आले. "पट्टी चांगली होती, साहेब. हुक म्या लावला."

त्यांची नोकरी गेली. माझी राहिली.

तेरवीनंतर मी उंद्रीला गेलो. त्या हमालाची बायको ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. मिस्तरी वर्षभर पट्टीत हुक लावत होते, आणि ते मी रोज पाहत होतो.

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तवा काऊन नाही बोलले, भाऊ?"

"ते माह्यापेक्षा जास्त जाणत होते, वहिनी."

"तुम्ही सांगतलं असतं तं ते ऐकले नसते?"

मी म्हणालो, "ऐकले असते."

ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

त्यानंतर दोर खुंटीवरून पुन्हा खाली आला आणि मी गोदामात एक नियम घातला. खालच्या हमालानं बाजूला होऊन "उचला" म्हटल्याशिवाय साखळी ओढायची नाही. त्यानं "थांबा" म्हटलं तर शेठ समोर असला तरी थांबायचं. नवीन माणसांनी मुकाट्यानं ऐकलं. जुन्यांना रोज टोकावं लागे. एकानं तर शेठकडे तक्रार केली, की हा मुकादम आम्हाला काल आल्यासारखं वागवतो. मी टोकत राहिलो.

दोनेक वर्षांनी धाडच्या बाजारात मिस्तरी दिसले. वांगी आणि मेथी घेऊन बसले होते. खूप वाळले होते. मी शेजारी पोत्यावर बसलो. त्यांनी कारखान्याचं काहीच विचारलं नाही.

"तिचं कसं चाललं?" एवढंच विचारलं.

"मोलमजुरी करते. पोरगी मोठी झाली."

"उंद्रीची गाडी समोरून जाते दर बाजारी. चढतो म्हणतो, पाय उचलत नाही." त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली, वांग्यांनी भरली, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. "हे तिले नेऊन दे. माहं नाव नको सांगू."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, "कोणाच्या मळ्यातली?"

एकदा तिच्या घरच्या माणसाबाबत मी गप्प राहिलो होतो. पुन्हा तसं राहवलं नाही. मिस्तरींचं नाव सांगून टाकलं.

तिनं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती परत देईल असं वाटून मी हात पुढे केला. मग तिनं पोरीला हाक मारली आणि म्हणाली, "मेथी निवडाले घे. सुकून जाईन."